न उघडणारा डबा

पाण्याने काठोकाठ भरलेला डबा वहिनी तुमच्या कोऱ्या साडीवर उलटा धरत आणि म्हणत, "सांडलं तर साडी धुवून, इस्त्री करून देईन!" आपण दचकून मागे सरकावे. थेंबही पडत नसे. खोलीभर सांडे ते हसू.

डोंबिवलीत आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या या वहिनी घरोघरी जाऊन हवाबंद डबे विकत. अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. तिला आठवतच पुढचे वाचा.

त्याआधी त्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात होत्या. नोकरी सोडली त्याच आठवड्यात त्यांनी मला हाताला धरून आपल्या घरात नेले. "बघा ताई, तीन वाजता ऊन थेट देवघरापर्यंत येतं! एवढी वर्षं राहते इथे, मला पत्ताच नव्हता." पितळी घंटेवरचे ते पिवळे ऊन त्यांनी नवा दागिना दाखवावा तसे दाखवले.

त्यांच्या यजमानांना मात्र हे पटलेले नव्हते. जुन्या साहेबांनी परत बोलावले, तेव्हा ते म्हणाले, "पगार तो पगार. डबे काय, सुट्टीच्या दिवशीही विकता येतील." वहिनींनी घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत मुदत मागून घेतली. "रविवारी डबे खपले नाहीत, तर सोमवारी मी कारखान्यात," एवढे मला सांगून त्या तीळ भाजायला बसल्या.

रविवारी खोली काळ्या साड्यांनी भरून गेली. अत्तर, गुलाबपाणी, स्वयंपाकघरातून गुळाचा खरपूस वास. वहिनींनी सगळ्यात मोठा डबा मधोमध आणून ठेवला. "लाडू ह्यातच आहेत. वाससुद्धा बाहेर येत नाही, बघा!" आणि त्यांनी झाकण ओढले.

ते हलेना. घाईघाईत त्यांनी लाडू गरमच भरले होते. आतली वाफ निवली आणि झाकण आत खेचले जाऊन घट्ट बसले.

त्यांनी पुन्हा ओढले. कुंकवाच्या कडेने घाम डवरला. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्याच, "उघडतच नसेल, तर काय डब्याची पूजा करायची?" यजमान दारातून डोकावून गेले. मला वहिनींकडे पाहवेना.

आणि वहिनींनाच हसू फुटले. "अहो काकू, जिथे हवेला वाट नाही, तिथे मुंगी कुठून शिरणार? या, धरा इकडून!" दोघी या बाजूने, तिघी त्या बाजूने, बांगड्यांचा किणकिणाट, "अगं, जोर लाव ना!" आणि फट्! लाडू उडाले ते कोणाच्या मांडीवर, कोणाच्या पदरात. तिळगूळ हातात ठेवायची गरजच उरली नाही.

"मला अस्साच दे बाई," त्याच काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आमच्या ह्यांना डायबेटीस आहे. लाडवांपर्यंत हातच पोचायला नको!"

"मला दोन!"

"ए, माझंही लिही गं!"

सगळ्या गेल्यावर वहिनींनी गुळाने चिकटलेल्या बोटांनीच फोन लावला. "साहेब, नमस्कार. मी नाही येत." एवढेच. यजमानांनी कॉटखाली घरंगळलेला लाडू शोधला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. "झाकण जरा सैल करायला सांग तुझ्या कंपनीला," ते म्हणाले. संमती द्यायची त्यांची ती रीत.

वहिनी आता आंबिवलीला मोठ्या घरात राहतात. समोरच्या दारावर दुसऱ्याच कोणाची पाटी आहे. पण ते दार पाहिले की मला दिसते ती त्या सोमवारची सकाळ. सारी इमारत घड्याळ पाहत जिने उतरत होती. नोकरीच्या दिवसांत ज्यांचे केस ओलेच अंबाड्यात कोंबलेले असत, त्या वहिनी गॅलरीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. शिकेकाईचा वास माझ्या उंबऱ्यापर्यंत येत होता. केस वाऱ्यावर मोकळे सोडून, शेवटची बट वाळेपर्यंत, त्या नुसत्या बसून राहिल्या.