पद्मावती मावशीची फुगडी

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीची गणपतीची चवथ! आठवली की अजून अंगात वारं शिरतं.

पद्मावती मावशी चोपड्याची. माझी आई, सिंधू, तिची धाकटी बहीण. एकाच आईच्या लेकी, पण सत्तरी उलटलेली मावशी बायकांच्या घोळक्यात नदीवर तिसऱ्या शिंपल्या काढायला जायची आणि तिच्या पेजेला रोज कुणीतरी शेजारीण असायचीच. आमची आई साखळी गावातल्या बंगल्यात. घरात फ्रीज, बोलावलं की डॉक्टर हजर, आणि मी कामाला गेले की दिवसभर बोलायला चार भिंती! बाबा गेल्यावर ती सोफ्यावर बसली ती बसलीच. दुपारी बेबिंकचा गोड तुकडा, संध्याकाळी टीव्ही. शेवटी न्हाणीत पडली.

हाड जुळलं. डॉक्टरांनी बजावलं, आता उठल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. पण पाय जमिनीला टेकला की पडायच्या भीतीने आईचं सुरू, "पडटलें, पडटलें!" माझा तर जीव नुसता चडफडायचा.

चवथीच्या पाचव्या दिवशी मावशी चोपड्याच्या बायकांना घेऊन, फेरीबोट आणि बस बदलत आमच्या दारात! त्या दिवसांत मराठी की कोकणी यावरून सख्खे भाऊ भांडत होते. मावशीला मात्र आईने नुसतं बोलायला हवं होतं. उंबऱ्यावरूनच गरजली, "भास खंयचीय आसूं, पूण उलय गो सिंधू!"

आईच्या खोलीतलं टेबल बायकांनी भिंतीला लोटलं आणि फुगडी धरली. काय तो दणका! "फू! फू! फू!" कपाटातल्या बश्या वाजायला लागल्या. आणि मध्येच एक बारीकसा "फू" पलंगावरून आला. आईचा! मी टाळ्याच पिटल्या.

मावशीने आईला पलंगाच्या कडेला बसवलं, तिचे पाय खाली टेकवले, हातांची कैची धरली. मावशीने तिला ओढलं नाही, उठ म्हणाली नाही. फुगडीत झुकतात तशी सगळा भार टाकून ती स्वतःच मागे कलली. अशी कलली की मीच किंचाळले.

"गो बाय, पडटली तूं!" आई ओरडली, आणि बहिणीला सावरायला दोन्ही पायांवर ताडकन उभी राहिली.

मावशी तशीच लोंबकळत खदखदून हसली. "पडूं कशी? तूं आसा मगे!"