वासाचा रकाना

अळंबीताईंचं नाक म्हणजे संग्रहालयाची शान. रानातून अळंब्या आणायच्या, ताज्या असतानाच रंग, वास, चिकटपणा चिठ्ठीवर उतरवायचा आणि मग वाळवून पाकिटात घालायच्या, हे त्यांचं काम. वाळल्यावर अळंबीचा वास उडून जातो. उरतं ते ताईंनी लिहिलेलं. म्हणून घरी आल्यावर चपला काढायचीही त्यांना सवड नसे. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच.

त्या दिवशी नणंद दारातच थबकली. "वहिनी, घरात काय मेलंय?"

"काही नाही. टेबलावर अळंब्या आहेत, पण त्यांना वास नाही."

"वास नाही? सडक्या लसणाचा भपकारा येतोय!"

ताईंनी अळंबी नाकाला लावली. मग साबण, मग चहाचा डबा. काही म्हणजे काही नाही. मागच्या तापातून उठल्यापासून प्रत्येक चिठ्ठीवर त्यांनी 'वास नाही' असंच ठोकून दिलं होतं, आणि ती सगळी पाकिटं संग्रहालयात जमाही झाली होती.

दुपारभर त्या येरझाऱ्या घालत राहिल्या. नाक गेल्याचं कळलं तर रान सुटणार. आणि संग्रहालयाचा नियम असा की जुनी चिठ्ठी काढायची नाही. खाली दुरुस्तीची दुसरी चिकटवून सही करायची. म्हणजे फजिती कायमची कपाटात.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," नणंद म्हणाली. "वाळक्या अळंब्या थोड्याच बोलणार आहेत?"

"त्यांच्या वतीने मीच बोलले गं. आणि चुकीचं बोलले."

दुसऱ्या दिवशी नणंदेला सोबत घेऊन त्या संग्रहालयात गेल्या. पाकिटामागून पाकीट काढून चिठ्ठ्या चिकटवल्या: 'वास तपासलेला नाही. गोळा करणारीला वास येत नाही.' तिथल्या साहेबांनी सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी रानात दुसऱ्या कोणाला तरी पाठवावं लागेल."

बाहेर पडताना ताईंना फाटकाजवळच्या कुजक्या ओंडक्यावर पांढऱ्या छत्र्यांचा झुबका दिसला आणि राहवेना. एक खुडून त्यांनी नणंदेच्या नाकाशी धरली.

"सांग."

"ओल्या पिठासारखा," नणंद तोंड वाकडं करत म्हणाली. "झालं? लिही आता."

ताईंनी पेन काढलंच नाही. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "अजून सांग ना गं. आणखी कशाकशाचा येतोय?"