सतरा नंबरचा बिल्ला

आमच्या स्कूबा क्लबच्या बातमीपत्रात कोण किती खोल गेलं, कोणाचं प्रशिक्षण पूर्ण झालं, कोणाच्या सुनेने पहिल्यांदा पाण्याखाली मासा पाहिला, असा मजकूर असतो. तो मी लिहितो. शाळेतून निवृत्त झाल्यावर लिहायची सवय सुटली नाही आणि पाण्यात उतरायची कधी लागली नाही, म्हणून क्लबने मला काठावरचं हे काम दिलं. या अंकाचं पान मी क्लबच्या मावशींना देणार आहे. अध्यक्ष म्हणाले, "सर, दोन ओळींत आटपा." मावशी उंचीने पाच फुटांच्या आत आहेत, पण दोन ओळींत मावणाऱ्या नाहीत.

क्लब म्हणजे पाण्याने भरलेली जुनी दगडखाण, उतरायला लोखंडी शिडी आणि काठावर तीन खोल्या. पहिलीत ऑफिस, दुसरीत ओल्या रबराच्या वासाचे पोशाख टांगलेले, तिसरीत कॉम्प्रेसर. या तिसऱ्या खोलीत मावशींनी चौदा वर्षं आमच्या सिलिंडरांत हवा भरली. भरताना तळहात सिलिंडरवर ठेवायचा, तापलं की थांबायचं, निवलं की पुन्हा भरायचं. घाई करणाऱ्याला त्या म्हणत, "पाणी कुठे पळून जात नाही." पाठीमागे त्यांना 'हवाबाई' म्हणतात, हे त्यांना ठाऊक आहे. "म्हणू देत. खाली गेल्यावर कोणी भरलेली हवा ओढताय ते आठवा म्हणजे झालं."

त्याआधी तीस वर्षं त्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या कोठीवर होत्या. तिथे प्रत्येक सिलिंडरच्या मानेत एक पत्र्याचा बिल्ला असे, एका बाजूला 'भरलेलं', दुसऱ्या बाजूला 'रिकामं'. सिलिंडर ज्याने वापरलं त्यानेच बिल्ला उलटवायचा. दुसरा सांगतो म्हणून कोणी हात लावायचा नाही. नवरा सुतार होता. तो गेला त्याच वर्षी मावशी निवृत्त झाल्या, आणि घर खायला उठतं म्हणून क्लबात आल्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की माणसं पाण्यात जातात, वर येतात, आणि या घटकेला आत कोण आणि बाहेर कोण, हे कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या नवऱ्याच्या कामाच्या टेबलाची फळी घेऊन आल्या. तिच्यावर बेचाळीस खिळे ठोकले, बेचाळीस सभासदांना नंबर घातलेले पितळी बिल्ले वाटले. उतरताना आपला बिल्ला खिळ्याला लावायचा, वर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय मावशी खोलीला कुलूप लावत नसत. जो काढायला विसरेल, त्याने महिनाभर सामान धुण्याची टाकी घासायची.

ही शिक्षा सगळ्यात आधी भोगली ती त्यांनीच. साठीला दोन वर्षं होऊन गेल्यावर त्यांनी प्रशिक्षकाला सांगितलं, मलाही शिकवा. "मावशी, या वयात?" तो म्हणाला. "वय काठावर ठेवून येते," मावशी म्हणाल्या. पहिल्या खऱ्या बुडीनंतर त्या इतक्या हरखल्या की आपला नऊ नंबरचा बिल्ला खिळ्यावर तसाच ठेवून घरी गेल्या. मग महिनाभर गुडघे टेकून टाकी घासली. कोणी मदतीला आलं तर ब्रश उगारायच्या.

एवढं सांगितलं, कारण वार्षिक मेळाव्याच्या दिवशी जे झालं ते या फळीवरूनच झालं.

त्या रविवारी मंडप होता, टेबलांवर पांढऱ्या चादरी होत्या आणि क्रीडा समितीचे कोणी मोठे गृहस्थ प्रमुख पाहुणे होते. सकाळी प्रात्यक्षिकं झाली. पावणेएकला पाहुण्यांच्या हातात ताट आलं, आणि तेवढ्यात मावशी अध्यक्षांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"सतरा नंबर खिळ्यावर आहे."

सतरा नंबर म्हणजे आमचे दंतवैद्य. "ते गेले घरी," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले.

"कोणी पाहिलं?"

"वरच्या फाटकाशी त्यांची गाडी नाही."

"गाडी गेली म्हणजे गाडी गेली. त्यांची बायकोही नेते."

दंतवैद्यांचा पाण्यातला जोडीदार म्हणजे आमचे पोस्टमन. ते रांगेत होते. मावशींनी त्यांना ओढूनच आणलं. ते म्हणाले, "आम्ही बरोबर वर आलो. पण कॅमेऱ्याचं झाकण शिडीखाली पडलं म्हणत होते. डोकावून येतो म्हणाले. मग मी कपडे बदलायला गेलो."

"मिळालं का झाकण?"

"ते काही माहीत नाही, मावशी."

दंतवैद्यांचा फोन वाजून वाजून बंद झाला. अध्यक्षांनी पाहुण्यांकडे बघून हसू आणलं. "जेवणं होऊ द्या. अर्ध्या तासाने बघू."

"अर्ध्या तासाने सिलिंडरात काय उरणार?" मावशी म्हणाल्या, आणि सरळ जाऊन खोलीतली धोक्याची घंटा वाजवली.

घंटा झाली की ताट खाली, हा क्लबचा नियम. दोन प्रशिक्षक पोशाख चढवून पाण्यात गेले. मावशींनी बचाव पथकाला फोन केला आणि वीस मिनिटांत लाल गाडी भोंगा वाजवत मंडपाला लागून उभी राहिली. पाहुण्यांच्या ताटातलं निवून गेलं. सव्वा तास सगळे काठावर उभे होते. दोनला दंतवैद्य आले, इस्त्रीचा शर्ट घालून, जेवायला. कोणी लहान मुलगी पडून तिचा पुढचा दात तुटला होता, तातडीचा निरोप आला, म्हणून ओल्या अंगाने, सामानासकट वरच्या फाटकाने तडक दवाखान्यात गेले होते. फोनचा आवाज बंद होता.

"डॉक्टर, तुम्हाला इथे तळात शोधतायत आणि तुम्ही भांग पाडून आलात," कोणीतरी म्हणालं. लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. मावशीही नाही. त्यांनी दंतवैद्यांना दंडाला धरून फळीपाशी नेलं.

"बिल्ला काढा."

त्यांनी काढला.

"उद्यापासून टाकी," मावशी म्हणाल्या, आणि ताट घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

बुधवारी क्लबच्या कार्यकारी समितीचं पत्र निघालं. मावशींनी पाहुण्यांची आणि सभासदांची लेखी माफी मागावी, नाहीतर किल्ल्या जमा कराव्यात. फळी बंद. यापुढे वर आल्यावर प्रत्येकाने फोनच्या ग्रुपवर 'वर आलो' एवढं टाकावं.

अध्यक्ष माझे जुने विद्यार्थी. माफीचा मसुदा त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. मी लिहिला, हे लपवत नाही. वाटलं, दोन ओळींनी मावशींची खोली वाचते आहे तर वाचू द्यावी.

तो कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेला पोहण्याचा पोशाख. लेक कामावर जायचे कपडे इस्त्री करत होती. मावशींनी चष्मा लावून कागद वाचला.

"सर, 'अनावश्यक घबराट' हे कोणाचं?"

"अध्यक्षांनी सुचवलं."

"आणि तुम्ही लिहिलंत."

मी कपातल्या चहाकडे पाहिलं.

"खाली माणूस आहे की नाही, हे शोधल्यावर कळलं ना? आधीच कळत असतं तर घंटा कशाला टांगली असती?"

लेक इस्त्री उभी करून म्हणाली, "आई, दोन ओळी तर आहेत. कर सही. त्या खोलीशिवाय तुझा दिवस जात नाही, मला दिसत नाही का?"

"खोली जाईल म्हणून सही केली, तर पुढच्या वेळी घंटेला हात लावताना माझ्या मनात खोलीच येणार. मग मी पाच मिनिटं थांबेन. कोण खाली असेल तेव्हा? हे सर तर नक्की नसतील."

लेकीने हात टेकले. मावशींनी माझा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं: 'माफी मागणार नाही. पुन्हा बिल्ला राहिला तर पुन्हा घंटा वाजवीन. सतरा नंबरने टाकी घासायला अजून सुरुवात केलेली नाही, याची समितीने नोंद घ्यावी.'

"शुद्धलेखन बघा," त्या म्हणाल्या. मी बघितलं. काही दुरुस्त करण्यासारखं नव्हतं.

या पत्रावर क्लबची सभा झाली, तिला तेहतीस जण आले. अध्यक्ष म्हणाले, "चौदा वर्षांत आपल्याकडे एकही माणूस दगावलेला नाही. मग एवढा बाऊ कशासाठी?"

"चौदा वर्षं फळी आहे," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या.

हात वर झाले. एकोणीस समितीच्या बाजूने, चौदा मावशींच्या. दंतवैद्य आलेच नव्हते. मावशींनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि भिंतीवरून फळी उतरवायला घेतली.

"ती क्लबची आहे," चिटणीस म्हणाले.

"माझ्या नवऱ्याच्या टेबलाची आहे. चारही पाय घरी आहेत, या जुळवून बघायला."

कोणी गेलं नाही.

पुढच्या रविवारी फळी दिसली ती कुंपणाच्या बाहेर. खोल्यांकडून शिडीकडे जाणारी पायवाट कुंपणाबाहेरून, एका झाडाखालून जाते. ती जागा क्लबची नाही. झाडाला फळी दोरीने बांधलेली, खाली घडीचं स्टूल, स्टुलावर मावशी. पोस्टमन आले तेव्हा त्या उठल्या, नऊ नंबर लावला, त्यांनी आपला लावला, आणि दोघं पाण्यात गेली. वर आल्यावर दोघांनी आपापले काढले आणि मावशी पुन्हा स्टुलावर बसल्या. काही जण आपणहून बिल्ला लावू लागले. काही जण आभाळाकडे बघत पुढे जात. मावशी कोणाला हाक मारत नसत. नुसत्या बघत. शाळेत मीही हेच करत असे आणि ते किती जड जातं हे मला माहीत आहे.

कॉम्प्रेसर आता चिटणीस चालवत होते. घाईने भरलेली सिलिंडरं काठापर्यंत येईतो निवायची आणि हवेच्या दाबाचा काटा खाली यायचा. ग्रुपवर 'वर आलो'चे मेसेज पडत होते, पण फोन पोशाखात नेता येत नाही आणि वर आल्यावर ओल्या बोटांनी लिहायचा कंटाळा, म्हणून मंडळी ते उतरायच्या आधीच लिहून मोकळी होत.

तिसऱ्या रविवारी दंतवैद्य आले. हातात ब्रश. कोणाशी न बोलता त्यांनी बाह्या सारल्या आणि टाकी घासली. जाताना झाडाखाली थांबून विचारलं, "महिना म्हणजे चार रविवार ना, मावशी?"

"महिना म्हणजे महिना. रोज."

ते रोज आले. एकदा तर पेशंट खुर्चीत बसवून आले, असं त्यांची बायको सांगते.

चौथ्या रविवारी साडेअकरापर्यंत सगळे निघून गेले. चिटणीस कुलूप लावून गेले. मी बाकावर बसून या अंकाची टिपणं काढत होतो. झाडावरची फळी रिकामी होती, तरी मावशी स्टुलावरून हलत नव्हत्या. बारा वाजायला आले तेव्हा त्यांनी पिशवीतून घरचं स्टीलचं ताट आणि उलथनं काढून मांडीवर घेतलं.

"मावशी, हे काय?"

"शिडीशी चपला आहेत," त्या म्हणाल्या. नजर पाण्यावर होती. "तुम्ही फोन हातात घेऊन ठेवा, सर."

मी घेतला. बचाव पथकाचा नंबर शोधतो न शोधतो तोच शिडी हलली आणि अध्यक्षांचं डोकं वर आलं. शिडीचा खालचा बोल्ट सैल झाला होता, तो बघायला ते एकटेच उतरले होते. तेही नियमात बसत नाही. पाणी निथळत पायवाटेवर आले आणि थबकले.

"तुम्ही अजून इथेच?"

"तुमच्या चपला तिथे होत्या."

"मी ग्रुपवर टाकलं होतं, 'वर आलो' म्हणून."

"कधी?"

मी फोन बघितला. मेसेज अकरा वाजून पाच मिनिटांचा होता. मी तो त्यांच्यासमोर धरला नाही. गरजच नव्हती.

"हे ताट?" त्यांनी विचारलं.

"घंटा आत कुलपात आहे. तुम्ही वर आला नसतात तर हेच बडवलं असतं."

ते पाण्यातला मास्क हातात फिरवत उभे राहिले. "किल्ल्यांचं मी समितीत..."

"किल्ल्यांचं तुमचं तुम्ही बघा. बिल्ला कुठे आहे?"

"गाडीत."

"आणा."

ते अनवाणीच गेले आणि एक नंबरचा बिल्ला घेऊन आले. मावशींनी फळीकडे बोट दाखवलं. त्यांनी तो खिळ्याला लावला.

"आता काढा."

त्यांनी काढला. मावशींनी ताट पिशवीत घातलं आणि स्टुलाची घडी केली.

"आणि टाकी?" अध्यक्षांनी विचारलं. आवाज अगदी सातवीतल्यासारखा होता.

"टाकी विसरणाऱ्याला. तुम्ही तर लावलाच नव्हता. त्याला काय द्यायचं ते अजून ठरवलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "ठरलं की कळवते."