दामादादाचा नारळ

सामना सुरू होण्याआधी दामादादा डोळे मिटून अख्खं मैदान अनवाणी चालायचे. पनवेलच्या खाडीकाठी, भात कापून झालेल्या शेतात आमचा क्लब हॉकी खेळे. भरतीचं पाणी जमिनीखालून झिरपायचं. आज टणक लागलेली जागा उद्या मऊ. मिठागरात जन्म गेलेल्या दामादादांना ते तळव्यांनी कळायचं. चेंडू जिथे मंदावणार तिथे जाऊन उभे राहायचे. मागे मिठाच्या राशी उन्हात तरंगल्यासारख्या दिसत, आणि त्या पांढऱ्या झगमगाटातून केव्हा गोल झाला तेही कळत नसे.

मी हाका मारायचो, "दादा, पळा की!"

"मीठ धावून पिकत नाय, भाऊ."

दसऱ्याला क्लबचा चिटणीस, म्हणजे मी, निवडलेल्या प्रत्येक खेळाडूच्या घरी नारळ न्यायचो. दादा तो आधी स्टिकला लावत, मग कपाळाला. झाला खेळाडू वर्षभर आमचा.

त्यांनी चाळिशी ओलांडली तेव्हा नव्या अध्यक्षांनी सगळ्यांना कॅनव्हासचे बूट घालायला लावून पळवलं. दादा शेवटचे. लांबूनच ओरडले, "बूट पोचलं का बघा, मी मागनं येतोय!"

सगळे हसले. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही इतकी वर्षं बरोबर खेळताय. दादांना घ्यायचं का यंदा?"

बूट काढले की हा माणूस अजून आमच्या सगळ्यांना भारी आहे, हे मला ठाऊक होतं. पण पास माझे आणि जयजयकार त्यांचा, हे मला सलत होतं. त्यांची मधली जागा मला हवी होती.

"दमतात आता," मी म्हणालो.

त्या दसऱ्याला नव्या पोराकडे नारळ न्यायचा होता. वाट दादांच्या दारावरूनच. ते धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. शेजारी माझ्यासाठी पाट, भिंतीला टेकवलेली, तेल लावलेली स्टिक.

"ये, भाऊ."

"पुढे जायचंय, दादा."

त्यांनी माझ्या हातातल्या नारळाच्या पिशवीकडे पाहिलं. "जा, जा. पोर वाट बगत असंल."

त्या वर्षी मी मधे खेळलो. शेवटच्या सामन्यात चेंडू मऊ जागेत अडकला, मी धावत पुढे निघून गेलो. दादा बांधावर उभे होते.

दादांनी अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा मीही चाळिशीपार होतो. दसरा नव्हता, तरी नारळ घेऊन गेलो.

"दादा, तुम्ही दमला नव्हतात. मी खोटं बोललो होतो."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"तूच. त्या दिशी दारावरनं गेलास ना, पाय लई जड पडत व्हतं तुजं." मग हात पुढे केला. "आन नारल. आनि ती स्टिक दे कोपऱ्यातली."

मी स्टिक जवळ धरली. त्यांनी नारळ तिला लावला, मग कपाळाला.