करंट आहे का?

आमच्या लॅबमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. टाकीच्या तळाशी गाळ साचतो तसे ते आपोआप साचतात. काम असं, की सांडपाण्यातले जिवाणू घाण खातात, त्यातून बारीकसा करंट निघतो आणि त्याच्या जोरावर शेजारच्या भांड्यात कार्बन डायऑक्साइडचं ॲसिटिक ॲसिड करायचं. माझी पीएचडी, माझी फेलोशिप, सगळं त्या मीटरच्या आकड्याला टांगलेलं! त्यामुळे सकाळी चहाच्याही आधी माझा एकच प्रश्न, "करंट आहे का?"

सुरुवातीला मी सक्करदऱ्याच्या नाल्यातलं पाणी कॅनमध्ये भरून ऑटोने आणायची. ऑटोवाल्याने नाकाला रुमाल लावून विचारलं, "ताई, काय आहे याच्यात?"

"जिवाणू. जपून चालवा, मला फार टेन्शन आहे!"

बिचारा अख्खा रस्ता वीसच्या स्पीडने आला. उतरताना म्हणाला, "बायकोले डिलिव्हरीले नेलं होतं, तवाही एवढा हळू नव्हतो चाललो!"

पुढे होस्टेलच्या नालीलाच पंप जोडून पाणी थेट लॅबच्या टाकीत घेतलं. दिवाळीत पोरं घरी गेली, मेस बंद, नालीत नुसतं साधं पाणी. करंट रोज खाली. माझा जीव टांगणीला आणि माझ्या गाइड मॅडम रिसर्च पेपर चाळत बसलेल्या. आमचे लॅब अटेंडंट वानखेडेभाऊ उमरेडहून एसटीने येतात. त्यांनी आपला डबा उघडला आणि वरण सरळ टाकीत ओतलं.

"उपाशी आहेत ते, मॅडम! तुम्ही काहून एवढं वाचून राहिल्या?"

दुसऱ्या दिवशी आकडा वर!

सहा महिन्यांनी चमचाभर ॲसिड तयार झालं. मी चक्क रडले. घरी माझ्या काकांना मोठ्या कौतुकाने फोटो दाखवला. व्हिनेगरमध्ये हेच असतं म्हटलं, तर म्हणाले, "मंग किराण्यातून बाटली आणाची ना वं!" चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग फेलोशिप वाढवायची की बंद करायची, हे ठरवायला कमिटी आली. साडेनऊला करंट होता, मी दोनदा बघितला. अकराला कमिटीचे अध्यक्ष मीटरसमोर उभे राहिले आणि आकडा शून्य! वायरी हलवल्या, पंप उघडला, तर ब्लीचिंग पावडरचा भपकारा. कमिटी येणार म्हणून ऑफिसने दहा वाजता सगळ्या नाल्या धुऊन काढल्या होत्या! टाकीतले जिवाणू पार मेले होते.

अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला. "इथे तर झीरो आहे. तुमचा हा करंट येतो तरी कधी?"

मागून वानखेडेभाऊ बोलले, "तुम्ही येत नाही तवा, साहेब!"