सात मिनिटांची पाटी

चांदभाईंचं नाव चांद आहे, हे अकोल्याकडच्या मालेगावात आता फक्त त्यांच्या आधार कार्डाला ठाऊक आहे. बाकी गावासाठी ते 'सात मिनिट'.

पस्तीस वर्षांपूर्वी बसस्टँडमागे त्यांचं व्हिडिओ सेंटर होतं. टिनाचं छप्पर, एक कलर टीव्ही, एक व्हीसीआर आणि खाली सतरंज्या. एका रविवारी तिथे तीन तासांचा एक गाजलेला सिनेमा लागला. कापडवाले खेमचंद शेठ बायको तारामतीसह पाहायला आले. हाच सिनेमा शेठजींनी लग्नाच्या वर्षी अकोल्याच्या टॉकीजमध्ये घड्याळ लावून पाहिला होता. न मोजता त्यांनी जन्मात काही घेतलं नाही. सिनेमा संपला, दिवा लागला, शेठजींनी मनगट पाहिलं आणि उभं राहून जाहीर केलं, "चांद, सात मिनिटं कमी भरले. कायले कापले?"

काय कापलं, ते कुणालाच सांगता येईना. मग ज्याने त्याने आपापल्या आवडीचं कापून घेतलं. कुणी म्हणे एक गाणं गेलं, कुणी म्हणे मारामारी. शेजारच्या पंजाबरावांनी तर तो सिनेमा कधी पाहिलाच नव्हता, पण त्यातला पावसातला सीन चांदने घरी ठेवला, हे ते छातीठोक सांगत. चांदभाईंनी ती कॅसेट पुढे-मागे करून चाळीसदा पाहिली. एक सीन कमी नव्हता. मिनिटं मात्र दरवेळी सातच कमी.

सेंटर बंद पडलं, व्हीसीआर भंगारात गेला, नाव राहिलं. आता तिथे मुलाचं, तौकीरचं, मोबाइलचं दुकान आहे. चांदभाई कोपऱ्यात स्टुलावर बसतात. एका सोमवारी तौकीर म्हणाला, "अब्बा, नवी पाटी करून राह्यलो. 'सात मिनिट मोबाइल'."

"माहं नाक कापतं का?"

"लोक तेच म्हणतात ना. पत्ता सांगा लागत नाई." मग बापाचं तोंड पाहून तो जरा नरमला. "शुक्रवारी पेंटर येते. तोवर शेठजीच्या तोंडून 'कापले नाई' वदवा, 'चांद मोबाइल' लिवतो."

म्हणजे सुटायला चार दिवस होते, आणि किल्ली खेमचंद शेठकडे.

दुसऱ्याच दिवशी शेठजींची नात रुचिका फोनला काच बसवायला आली. ती पुण्यात सिनेमे टीव्हीसाठी तयार करून देणाऱ्या कंपनीत आहे. सगळं ऐकून ती हसली. "चाचा, कोणी काहीच कापलं नाही. टॉकीजमध्ये सेकंदाला चोवीस चित्रं पळतात. आपल्याकडच्या कॅसेटवर पंचवीस. चित्रं तेवढीच, पळतात जोरात. अमेरिकेतली डिस्क आणा, पुरे तीन तास चालेल. तिथल्या टीव्हीचा हिशोबच वेगळा."

चांदभाईंनी बोटांवर मोजलं. तासाला दोन मिनिटं चोवीस सेकंद. तीन तासांची सात मिनिटं बारा सेकंद. पस्तीस वर्षांत शेठजींचं घड्याळ फक्त बारा सेकंदांनी चुकलं होतं.

"म्हणून हिरोचा आवाज बारीक येत व्हता! मले वाटे, मशीनच नाजूक हाये. पोरी, हे तुह्या आजोबाले सांग ना."

"ते माझं ऐकतात का? शिवाय माझी बस आहे. त्यांना कापडात समजावा, लगेच कळेल."

तो सल्ला चांदभाईंनी मानला. गुरुवारी ते दुकानात गेले. गादीवर शेठजी, समोर मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आलेल्या धनीबाई, नातीच्या लग्नासाठी सुती कापड निवडत होत्या. ठाण अर्धं उलगडलेलं. चांदभाईंनी चोवीस-पंचवीस सांगितलं. शेठजींचा चेहरा कोराच राहिला. मग चांदभाईंनी ते कापडच हातात घेतलं.

"हे पाहा, शेठजी. हे पहिल्या धुण्यात आटते. मीटरमांगं चार बोटं. मंग तुमी एक तरी धागा कापला का? धागे तेवढेच, लांबी कमी. सिनेमाचं तसंच झालं!"

शेठजींच्या डोळ्यांत काहीतरी लख्ख झालं. त्यांना समजलं होतं. पस्तीस वर्षांत प्रथमच, आणि पुरतं. ते तोंड उघडणार, तेवढ्यात धनीबाईंनी हातातलं टोक खाली ठेवलं.

"सेठ, हे आटते काय?"

शेठजींनी धनीबाईंकडे पाहिलं, ठाणाकडे पाहिलं, शेवटी चांदभाईंकडे पाहिलं. त्या नजरेत थोडी माफीही असावी.

"आपल्या दुकानातलं कापड आटत नाई," ते म्हणाले. "आन् चांद, सात मिनिटं तू कापलेच."

धनीबाईंनी बारा मीटर घेतलं.

शुक्रवारी पाटी लागली. लाल अक्षरं, खाली पिवळा पट्टा. पहिलंच गिऱ्हाईक काच बसवायला आलं आणि किती वेळ लागेल म्हणालं. तौकीरने वर पाटीकडे बोट दाखवलं. चांदभाई स्टुलावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. काच पाच मिनिटांत बसली. उरलेली दोन कुठे गेली, हे त्या माणसाने विचारलंसुद्धा नाही.