चिबडातला देवभात

वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्या दिराने रस्त्याकडची काळी जमीन घेतली आणि मला चिबड दिलं. कालव्याचं पाणी पाझरून जी जमीन बारा महिने ओली राहते, जिच्यात ना कांदा येतो ना बटाटा, तिला आमच्या निरगुडसरकडे चिबड म्हणतात. भावकी ओट्यावर बसली होती आणि मी आत चहा गाळत होते. हे जाऊन वर्षही झालं नव्हतं. दीर बाहेर म्हणाला, "वहिनीला काय कमी हाय? इहिरीबिगर पाणी दिलंय." सगळे हसले. त्याच लोकांना मी चहा नेऊन दिला, आणि तो चांगला झाला होता याचा मला अजून राग येतो.

त्या दिवशी मी डूख धरला. काळ गेला की राग विरतो असं शहाणी माणसं म्हणतात. त्यांना दीर नसावेत.

पुढे त्याने चिबडाच्या पलीकडच्या अंगाला कांदा साठवायची मोठी बराख बांधली. बांधून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ट्रक तिथवर न्यायचा तर ओढ्याच्या पुलावरून लांबचा वळसा पडतो, आणि सरळ वाट जाते ती माझ्या चिबडातून. वाट मागायला आला तेव्हा गोड बोलत होता. मी नाही म्हटलं. मग माझ्या बांधावर मुरमाची एक ट्रॉली रिकामी झाली. विचारलं तर म्हणाला, ड्रायव्हर नवा होता, चुकून ओतली. ड्रायव्हर पुढेही चुकतच राहिला. पावसात तो मुरूम चिबडात उतरायचा, आणि तो जिथे बसेल तिथे लव्हाळा मरायचा, पाणकणसं मरायची, वर गाजरगवत माजायचं. असंच चालू राहिलं असतं तर काही पावसाळ्यांत त्याला न मागता रस्ता मिळाला असता. मी दोन-चार दारं ठोठावली. घरातलं घरात मिटवा, असं सगळ्यांनी सांगितलं. घरातलं घरातच मिटवायचं, हे मग मीही मनावर घेतलं.

माझं माहेर मढच्या बाजूला. तिथल्या गावतळ्यात देवभात आपोआप उगवतो, कुणी पेरत नाही, कुणी नांगरत नाही. लांब कुसळाचा, लालसर दाण्याचा रानटी भात. ऋषीपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत, म्हणून त्या दिवशी हा भात लागतो. आता आमच्याकडे बैल राहिलेत कुठे, सगळं ट्रॅक्टर करतो, म्हणजे खरं तर रोजच ऋषीपंचमी. पण हे माझ्या जावेला सांगून बघा. नवऱ्यापुढे तिने कधी आवाज चढवला नाही, पण पंचमीला नांगरल्या रानातला दाणा ती जिभेवर ठेवणार नाही. दरवर्षी मंचरच्या बाजारात देवभात शोधत हिंडायची, कुणीतरी साधा लाल तांदूळ तिच्या गळ्यात मारायचा, आणि खरा की खोटा या काळजीत तिचा सगळा उपास जायचा.

एका पंचमीला मी माहेरी होते. भावजयीने पानात देवभात वाढला आणि पहिल्याच घासाला मला दिराला कुठे धरायचं ते सुचलं. मी त्याला अडवू शकत नव्हते. त्याची बायको अडवू शकत होती, फक्त तिला कारण हवं होतं. ते कारण मी माझ्या चिबडात पेरायचं ठरवलं. जावेवर माझा राग नव्हता, पण तिच्यावर मायाही उतू जात नव्हती हे सांगून टाकते.

भावजयीकडून बी आणलं आणि आमच्या भागातलं कुणीही करील तेच केलं. कांद्याचं रोप टाकतात तसा गादीवाफा केला, माती उंच ओढली, चाळलेलं शेणखत घातलं, बी ओळीत टाकून वर राख पसरली, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी दिलं. कांद्याच्या रोपात माझा हात धरणारं गावात कुणी नाही. वाफ्यात एक पात उगवली नाही. दीर बांधावरून बघायचा आणि विचारायचा, "वहिनी, कंच्या जातीचं बियाणं म्हणायचं हे?" मी राखेत बोट घालून बघायची आणि त्याच्याकडे बघायची नाही.

फोनवर भावजयीने मला झोडपून काढलं. म्हणाली, "आगं बाई, त्यो काय कांदा हाय व्हय? तू त्येचं पाणी काढून देतीयास. त्येचे पाय चिखलात बुडवून ठिव." शिवाय ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला एक उन्हाळा सुस्त पडू द्यावं लागतं, हेही तिने तेव्हा सांगितलं. आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाली, आमच्याकडे ते पेरतं कोण?

दुसऱ्या खेपेला उन्हाळाभर तापलेलं बी घेतलं. फुटकी घमेली, कापलेले ड्रम, जुनी पाण्याची टाकी, जे मिळेल त्यात चिबडातलाच काळा चिखल भरला. बी चिखलात नुसतं दाबलं आणि वर बोटभर पाणी ठेवलं. कोंब आले तेव्हा मला आनंद होण्याआधी धास्ती वाटली, कारण देवभाताची पात आणि रानगवताची पात सारखीच दिसते. बुडाशी जांभळट दिसेल ते ठेवायचं, बाकीचं उपटायचं, असं करत रोपं निवडली. आषाढात गुडघाभर चिखलात उतरून ती लावली, मुरमाच्या अगदी तोंडाशी. बांधाच्या कडेने पाणकणसाचं बी विस्कटलं. ते कापसासारखं उडतं. वारं दिराच्या बराखीकडे असेल तो दिवस मी मुद्दाम निवडला. त्याच्या कांद्यावर पांढरी पिसं बसली, ती तो दिवसभर झटकत होता. एवढ्यातेवढ्यानेही माणसाला बरं वाटतं.

कार्तिकात दाणा धरला. हा भात पिकला की हात लागायच्या आत गळतो, म्हणून ओंब्या आधीच जुड्यांनी बांधून ठेवाव्या लागतात आणि दव असतानाच झोडून घ्याव्या लागतात. त्या वर्षी जेमतेम एक डबा भरला. त्यातलं थोडं बी म्हणून ठेवलं. पुढच्या भाद्रपदात, पंचमीच्या आदल्या दिवशी, आळीतल्या बायकांना ओंजळ ओंजळ दिला. जावेला सगळ्यात शेवटी दिला, पण दोन ओंजळी. तिने दाणा दाताखाली धरून बघितला आणि तिचे डोळे भरले. कुठून आणला विचारलं. मी म्हटलं, "आपल्याच चिबडातला. मुरूम येईल तवर खायचा." एवढं बोलून मी घरी आले.

त्या वर्षी कार्तिकात ओंब्या बांधायला मी एकटी नव्हते. आळीतल्या बायका लुगडी, साड्या खोचून चिबडात उतरल्या होत्या आणि जाऊ सगळ्यांच्या पुढे, मुरमाच्या कडेला होती. सकाळचं दव होतं. दिराची मुरमाने भरलेली ट्रॉली पाठमोरी येऊन बांधाला लागली. या वेळी तो स्वतः ट्रॅक्टरवर होता. त्याने बायकांना बाजूला व्हायला सांगितलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. बोलायचं नाही, एवढंच मी ठरवून आले होते.

जाऊ चिखलातून वर आली नाही. हातातली जुडी बांधून पूर्ण केली आणि तिथूनच म्हणाली, "ट्रॉली परत न्या. हितं पंचमीचा भात हाय."

त्याने ट्रॅक्टर बंद केला नाही. इंजिनाच्या आवाजात तिला काहीतरी म्हणाला. ती दुसरी जुडी बांधायला वाकली. बाकीच्या बायकाही वाकल्या. आपल्या बायकोच्या अंगावर मुरूम ओततो की काय, असं क्षणभर मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी बघत राहिले. मग ट्रॉली पुढे गेली आणि रस्त्याला लागली. परत आली नाही. त्याचे ट्रक आता पुलावरून वळसा घालून जातात.

पंचमीला मी जावेकडे जाते. दिराचं पान मांडलेलं असतं. ऋषीचं अन्न पानात टाकायचं नाही, ही तिच्या घरची शिस्त आहे आणि ती आता त्यालाही लागू झाली आहे. तो खाली मान घालून माझ्या चिबडातला भात खातो. मी भांडं हातात घेऊन शेजारी उभी राहते आणि पान रिकामं व्हायला आलं की म्हणते, "भावजी, आणखी घ्या." त्याला नको म्हणता येत नाही. मी वाढते.